न्यूझीलंडचा वसंत: तुमच्या गावी कसा असतो?

गणपती जवळ आले की ओळखीतल्या कुणाचे तरी आईबाबा इकडे यायला निघतात आणि "कपडे काय आणायला सांगू?" ही विचारणा सुरू होते. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा इथला वसंत. नुसतं 'पंधरा अंश' सांगून भागत नाही, कारण दिवस कसा जाणार ते वारा कुठून येतोय त्यावर ठरतं. प्रत्येकाने आपापल्या गावचं लिहा, म्हणजे नव्याने येणाऱ्यांना उपयोग होईल.

ऑकलंड
आमच्याकडे श्रावणासारखं. दहा मिनिटं सर, लगेच लख्ख ऊन. पण ऊन कोवळं समजू नका. हवेत गारवा असला तरी अतिनील किरण कडक असतात, सप्टेंबरपासूनच सनस्क्रीन आणि टोपी लागते. पाइनचे पराग उडतात तेव्हा गाडीच्या काचेवर पिवळी भुकटी बसते. शिंका येणाऱ्यांनी आपल्या गोळ्या जवळ ठेवाव्यात.

वेलिंग्टन
छत्री आणू नका, टोपीचं रेनकोट जाकीट आणा. दोन बेटांमधल्या कुक सामुद्रधुनीतून वारा चेपून येतो आणि वसंतात त्याला जोर असतो. दिवाळीत अंगणात रांगोळी टिकत नाही, आम्ही गॅरेजमध्ये काढतो. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, त्यामुळे दिवाळीत आठ वाजत आले तरी उजेड असतो. लहान मुलं असतील तर पणत्यांची वेळ आधीच ठरवून घ्या.

क्राइस्टचर्च
इथे राहायचं तर नॉरवेस्टर, म्हणजे वायव्येचा वारा, ओळखता आलाच पाहिजे. टास्मान समुद्रावरून येणारा दमट वारा सदर्न आल्प्स चढताना सगळा पाऊस पश्चिम किनाऱ्यावर टाकतो आणि आमच्या बाजूला उतरताना कोरडा, गरम होऊन येतो. सकाळी पश्चिमेला डोंगरांवर ढगांची लांब कमान आणि तिच्याखाली निळ्या आकाशाची पट्टी दिसली की समजायचं. धुतलेल्या चादरी बघता बघता वाळतात, ओठ फुटतात, बऱ्याच जणांचं डोकं धरतं. पारा पंचविशीलाही जातो.

खरी काळजी पुढची. संध्याकाळकडे वारा क्षणभर पडतो, मग दक्षिणेकडून झोत येतो. फाटक आपटतं, दोरीवरचे कपडे उलट्या दिशेला उडू लागतात आणि तासाभरात दहा-बारा अंश उतरतात. सकाळी हॅगली पार्कात चेरीचा बहर बघायला हाफ शर्टात गेलेली माणसं संध्याकाळी कुडकुडत परततात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: निघताना आत्ताचं तापमान बघू नका, 'सदर्ली', म्हणजे हा दक्षिणेचा वारा, किती वाजता येणार ते अंदाजात बघा आणि स्वेटर पिशवीत टाका. कोकरं जन्मायचे दिवसही हेच. असा थंड पाऊस आला की मेंढपाळांची झोप उडते.

क्रॉमवेल, सेंट्रल ओटागो
जर्दाळू, चेरी फुलतात तेव्हाच आमच्याकडे दहिवर (गोठलेलं दव) पडतं. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असला की पहाटे बागांमधले मोठे पंखे सुरू होतात, हेलिकॉप्टरही घिरट्या घालतात. वरचा उबदार हवेचा थर खाली ढकलून कळ्या वाचवायच्या असतात. काही बागांत रात्रभर फवारे चालतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि बर्फात गुंडाळलेली कळी शून्याच्या आसपास तगून राहते. इथे मुक्काम असेल तर पाहुण्यांना या आवाजाची आधी कल्पना द्या, म्हातारी माणसं दचकून उठतात.

पुन्हा ऑकलंड
एक राहिलंच. बाहेरपेक्षा घरात जास्त थंडी वाजते. जुन्या घरांना इन्सुलेशन बेताचं, सकाळी खिडक्या आतून ओल्या. आईबाबांसाठी थर्मल, पायमोजे आणि घरात घालायच्या उबदार चपला हव्यातच.

क्वीन्सटाउन
गाडीने फिरणाऱ्यांसाठी: लिंडिस पास, क्राउन रेंज या घाटरस्त्यांवर ऑक्टोबरातही बर्फ पडू शकतो. निघायच्या दिवशी सकाळी रस्ता चालू आहे का बघा, आणि भाड्याच्या गाडीबरोबर टायरच्या साखळ्या मागून घ्या.