मामा जन्मांध, बाळ कमी दिवसांचं: आरओपीची (कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याच्या आजाराची) तपासणी आधी की जीन टेस्ट?

आशाताई, कवठेमहांकाळ
मुलगा, 31 आठवड्यांचा, जन्माचं वजन 1400 ग्रॅम, आज 22वा दिवस. पेटीत ऑक्सिजनवर होता, आता घरी आहे. सख्खा मामा जन्मापासून आंधळा, हल्ली ऐकूही कमी येतं. आजी म्हणते, रक्तातलंच असेल तर मिरजेला डोळे तपासायला नेऊन काय उपयोग? वडील म्हणतात, आधी जीन टेस्ट. काय सांगू?

पडदा_तपासनीस
आधी डोळे. 34 आठवड्यांच्या आत किंवा 2000 ग्रॅमखाली जन्मलेल्या बाळाचा पडदा 30 दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे, म्हणजे तुमच्या हातात आठच दिवस आहेत. (28 आठवड्यांच्या आतलं किंवा 1200 ग्रॅमखालचं असतं तर दोन-तीन आठवड्यांतच.) जीनचा रिपोर्ट यायला काही आठवडे जातात. लेसरची किंवा इंजेक्शनची गरज निघाली तर ते दोन-तीन दिवसांत व्हावं लागतं.

तपासणीआधी तासभर दूध नको, उलटी होते. बाहुली मोठी करायचे थेंब बाळासाठी पातळ केलेलेच हवेत आणि गालावर ओघळलेला थेंब लगेच पुसायचा, कातडीतून रक्तात जाऊन बीपी वाढतं. थेंब घालूनही बाहुली उघडत नसेल तर ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणून परत पाठवू देऊ नका. आजार जोरात असला की असंच होतं.

जनुक_सल्ला
मामा आईकडचा, हीच मोठी खूण. एनडीपी हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. ते बिघडलं की नॉरी आजार, म्हणजे जन्मापासूनचा आंधळेपणा, होतो. आई वाहक असली तर तिला बहुधा त्रास नसतो, पण तिच्या प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता. पुढे बऱ्याच जणांचं ऐकणंही जातं, म्हणून मामाच्या कानांचं जरूर सांगा. बाहुलीत पांढरट झाक दिसली तर आठ दिवसही थांबू नका.

एफझेडडी4, एलआरपी5 या जनुकांतल्या बिघाडाने होणारा एफईव्हीआर हा पडद्याच्या रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार आरओपीसारखाच दिसतो. दोन डोळ्यांत फार फरक, किंवा वय वाढूनही आजार पुढे सरकतोय, तर तो संशय घ्यायचा आणि आईवडिलांचेही पडदे बाहुली मोठी करून बघायचे.

टेस्ट करायचीच तर जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत रक्त जातं. बाळाला रक्त चढवलं असेल तर लॅबला तारीख कळवा, दात्याच्या पेशी मिसळून निकाल चुकू शकतो. शक्य असेल तर आधी मामाची करा. त्याच्यात बिघाड सापडला की बाळात नेमका तोच शोधता येतो.

आशाताई, कवठेमहांकाळ
रक्त दोनदा चढवलंय, डिस्चार्ज कार्डावर तारखा आहेत. आणि पहिल्या तपासणीत काही निघालं नाही तर?

पडदा_तपासनीस
तरी सुटका नाही. रक्तवाहिन्या पडद्याच्या कडेपर्यंत पोचेस्तोवर डॉक्टर देतील त्या तारखेला जायचंच. आरओपी आरबीएसकेत (मुलांच्या मोफत तपासणी-उपचारांच्या सरकारी कार्यक्रमात) येतो, तालुक्याच्या पथकाकडून संदर्भचिठ्ठी आजच घ्या.