‘काउबॉय बीबॉप’ : बाउंटी हंटर, काउबॉय, सेशन यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : ‘काउबॉय बीबॉप’ (१९९८, २६ भाग, दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे) ही अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका कधीच न पाहिलेल्यांसाठी मराठीत परिचय लिहायचा आहे. कथा २०७१ सालची. मासेमारीच्या जुन्या जहाजाचे केलेले अंतराळयान, त्यात चार माणसे नि एक कुत्रा. फरारी गुन्हेगार पकडून बक्षिसावर पोट भरतात. ‘बाउंटी हंटर’ला ‘इनामी शिकारी’ चालेल का? आणि ‘काउबॉय’ला ‘गुराखी’?

प्रतिसाद १ : ‘शिकारी’ नको. मूळ जपानी शब्द ‘शोकिन्-कासेगी’. ‘शोकिन्’ म्हणजे बक्षिसाची रक्कम, ‘कासेगी’ म्हणजे कमाई किंवा कमावणारा. शिकार त्यात कुठेच नाही, ती इंग्रजीतून आली. शिवाय गुन्हेगार सहसा जिवंतच हवा असतो, मेला की पैसे बुडाले. पहिल्याच भागात जहाजाचा मालक जेट सिमला मिरची आणि बीफची भाजी वाढतो आणि त्यात बीफच नसते. त्याचा साथीदार स्पाइक ते तिथल्या तिथे बोलूनही दाखवतो. पैसा नाही, हेच या लोकांचे रोजचे दुखणे. म्हणून ‘कमाऊ मुलगा’मधला ‘कमाऊ’ घ्या : बक्षीसकमाऊ. पहिल्यांदा वापराल तिथे ‘फरारींना पकडून बक्षिसावर जगणारा’ एवढे सोबत लिहा, पुढे शब्द आपोआप रुळतो.

प्रतिसाद २ : ‘इनाम’बद्दल थोडे. ‘डोक्यावर इनाम लावणे’ हा प्रयोग पक्का मराठी आहे. वासुदेव बळवंत फडक्यांवरही सरकारने इनाम लावले होते. अडचण समासात येते. ‘इनामी’ म्हटले की आधी इनामी जमीन आठवते, ‘इनामदार’ तर सरळ वतनातला माणूस. म्हणून क्रियापदाबरोबर ‘इनाम’, समासात ‘बक्षीस’.

प्रतिसाद १ : मान्य. ‘काउबॉय’ मात्र आहे तसाच ठेवा. मालिकेत बक्षीसकमाऊंना बोलीत ‘काउबॉय’ म्हणतात, गुरांचा संबंध नाही. मग सगळीकडे ‘बक्षीसकमाऊ’च का लिहू नये? तर २२व्या भागात अँडी नावाचा गडी हॅट घालून खऱ्या घोड्यावर बसून येतो. त्या भागातली सगळी गंमत शब्दाच्या दोन अर्थांवर उभी आहे. एक अर्थ पुसलात की भाग आडवा झाला.

प्रश्नकर्ता : आणि या मालिकेच्या प्रकाराला म्हणतात ते ‘स्पेस वेस्टर्न’? ‘पाश्चात्य अंतराळकथा’ असे लिहिले होते.

प्रतिसाद २ : खोडा ते. ‘पाश्चात्य’ म्हटले की वाचकाला युरोप आठवतो, पाश्चात्य संगीत आठवते. इथे अमेरिकेच्या पश्चिम भागातला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध अभिप्रेत आहे : विरळ वस्ती, तोकडा कायदा, कमरेला पिस्तूल. ‘अंतराळातला वेस्टर्न’ लिहा.

प्रतिसाद ३ : भागांना मालिकेत ‘सेशन’ म्हणतात. ‘सत्र’ लिहिले की अधिवेशन किंवा परीक्षा डोळ्यांपुढे येते. बीबॉप ही जॅझची एक शैली, योको कान्नोंचे संगीत हा तर मालिकेचा प्राण. म्हणजे हे ‘सेशन’ वादकांच्या मैफलीतले. तेव्हा ‘बैठक’ घ्या. बैठकीची लावणी म्हणतो, तीच बैठक. नवख्यांना क्रमही सांगा : बैठका १ ते २६ ओळीने. मुख्य कथेच्याच तेवढ्या (५, १२, १३, २५, २६) निवडून पाहू देऊ नका. जहाजावरच्या चौघांपैकी फे तिसऱ्या बैठकीत येते, एड नवव्या. त्यांची ओळखच झाली नाही तर शेवटी जहाज रिकामे होत जाते ते जाणवतच नाही. २००१चा चित्रपट कथाक्रमात २२ आणि २३ यांच्या मध्ये बसतो.