मदत हवी आहे: ऑलिंपस ओएम-१ घ्यावा का, आणि दुरुस्तीकडून किती अपेक्षा ठेवावी?

नमस्कार मंडळी,

ओळखीच्या एका काकांकडे ऑलिंपस ओएम-१ हा जुना फिल्म कॅमेरा आहे, ५० मिमी एफ १.८ झुइको लेन्ससकट. कित्येक वर्षे कपाटात पडून होता. "घ्यायचा तर आधी नीट तपासून घे," असं म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिलाय. १९७२ साली एम-१ नावाने आलेलं हे मॉडेल, त्यामुळे नव्यासारखा चालावा असा हट्ट नाही. रोल घातला की ३६ फ्रेम भरवशाने याव्यात, एवढंच हवंय.

मागचं झाकण उघडलं तर खाचांमधला, बाहेरचा उजेड अडवणारा फोम डांबरासारखा चिकट झालाय. त्याची चिंता नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवीन पट्ट्या मीच लावेन. व्ह्यूफाइंडरमध्ये काळपट डाग आहेत. व्ह्यूफाइंडरच्या प्रिझमभोवतीचा (आतल्या काचेच्या ठोकळ्याभोवतीचा) फोम कुजून त्यावरचा आरशासारखा मुलामा खातो, हे या मॉडेलचं जुनंच दुखणं. फोटोत ते डाग येत नाहीत, पण फोम तसाच ठेवला तर पसरत जाणार.

खरा प्रश्न शटरचा, म्हणजे फिल्मवर प्रकाश किती वेळ पडेल हे ठरवणाऱ्या दोन पडद्यांचा. कॅमेरा पूर्ण यांत्रिक, सेल फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला लागतो, त्यामुळे सेल नसतानाही सगळे स्पीड तपासता आले. फोनच्या स्लो मोशनवर (सेकंदाला २४० फ्रेम) मागून व्हिडिओ घेतला. १/३० सेकंदाला ८ फ्रेम यायला हव्यात, तेवढ्या येतात. १/४ ला ६० हव्यात, तिथे ८० च्या आसपास भरतात. १ सेकंदाला पडदा मधेच अडकतो, पण शटर बराच वेळ चालवत राहिलं की सुटतो. म्हणून वाटतं की वंगण सुकलंय, तुटलेलं काही नाही. हा अंदाज बरोबर आहे का?

१/१००० फोनवर मोजता येत नाही. झाकण उघडून पांढऱ्या भिंतीकडे धरून पाहिलं तर फ्रेमची एक कड जराशी काळोखी दिसते. मागून येणारा दुसरा पडदा पहिल्याला मधेच गाठतोय का? तसं असेल तर मला ते सगळ्यात गंभीर वाटतं, कारण भर उन्हात हाच स्पीड लागणार.

मीटरवर खर्च करायचा विचार नाही. मूळचा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही. १.५ चा घातला की मीटर प्रकाश जास्त दाखवतो आणि फोटो काळवंडतात. झिंक-एअरचा १.४ व्होल्ट म्हणजे जवळपास तेवढाच, पण एकदा हवा लागली की फार टिकत नाही. मी फोनवरच्या मीटरने भागवेन.

लेन्समध्ये काठाला बुरशीचे बारीक धागे आहेत. साफ केल्यावर कोटिंगवर खुणा राहिल्या तरी चालतील, उजेडासमोरचे फोटो मी फारसे काढत नाही.

तर जाणकारांनी सांगावं: सर्व्हिसिंगला देताना "सगळे स्पीड मूळ आकड्यावर आणा" असा आग्रह धरावा, की थोडाफार फरक मान्य करावा? १/१००० प्रत्यक्षात १/७०० ला चालला तर अर्ध्या स्टॉपचाच फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), आणि कलर निगेटिव्ह फिल्म जास्तीचा तेवढा प्रकाश सहज सोसते. इतका फरक न सोसणारी स्लाइड फिल्म मी वापरणार नाही. शिवाय वरचं कव्हर उघडणारच आहे तर प्रिझमचा फोमही त्याच वेळी काढून घ्यावा ना? की पडद्यांचा ताण बिघडला असेल तर हा कॅमेरा सोडून दुसरा शोधावा? काकांना येत्या रविवारी हो-नाही कळवायचंय.