मदत हवी आहे: स्क्रॅबलमधला ‘ए-ए’ हा शब्द मुळात आला कुठून?

नमस्कार मंडळी,

स्क्रॅबल या पटावर अक्षरांचे ठोकळे मांडून इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळात ‘ए’ची दोन अक्षरं शेजारीशेजारी ठेवली की एक शब्द होतो. अमेरिकेच्या मान्य शब्दांच्या यादीत तो आहे, कॉलिन्स या ब्रिटिश कोशाच्याही यादीत आहे, त्यामुळे चालतो की नाही हा प्रश्न नाही. मला त्याचा अर्थ आणि मूळ खात्रीने हवं आहे.

आम्ही इंदूरचे, लोकमान्य नगरात राहतो. घरात हा खेळ आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी आणला. त्यांचा नियम एकच: अर्थ सांगता येत नसेल तर शब्द ठेवायचा नाही. स्पर्धेत असं नसतं, तिथे आक्षेप आला तर फक्त शब्द यादीत आहे का ते बघतात, हे त्यांना ठाऊक आहे. पण अर्थाशिवाय ते नुसते ठोकळे, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते मनापासून पटतं.

मुलगा यंदा दहावीत आहे आणि त्याने दोन अक्षरी शब्दांची अख्खी यादी पाठ केली आहे. ‘ए-आय’ ठेवला तेव्हा त्याने लगेच सांगितलं की हा दक्षिण अमेरिकेतला तीन बोटांचा स्लॉथ, म्हणजे झाडावर राहणारा एक संथ प्राणी, नाव तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आलं आणि ते त्याच्या ओरडण्यावरून पडलं. आबा खूश. ‘ए-ए’ला मात्र गाडी अडली. तो म्हणाला, हवाई बेटांवरचा खडबडीत लाव्हा, त्यावरून अनवाणी चालताना लोक ‘आ! आ!’ ओरडायचे म्हणून हे नाव. आबांनी लाव्हा मान्य केला, पण पुढचं ऐकून म्हणाले, “बाळा, ही गोष्ट कुणीतरी मागाहून जुळवलेली वाटते. मूळ शोधून आण.”

साध्या घरांवर या शब्दाचे जेमतेम दोन गुण होतात. पण एका शब्दाला चिकटून दुसरा शब्द समांतर लावायचा असेल तेव्हा असलेच छोटे शब्द डाव उघडतात, म्हणून तो सारखा पटावर येतो आणि वादही सारखा होतो.

तर अनवाणी चालण्याची ती गोष्ट खरी आहे का? उच्चार देवनागरीत कसा लिहायचा? आणि आबांचा स्वतःचा एक प्रश्न आहे, जो मला फार आवडला: आपला माळव्याचा काळा दगडही लाव्ह्याचाच ना, मग तो या ‘ए-ए’ जातीचा का? कुणी भूगर्भशास्त्र शिकलेलं असेल तर कृपया वेळ काढून सांगा.

— माळव्याची सून

प्रतिसाद (शब्दवेडा):

आबांचा संशय रास्त आहे. अनवाणी पायांची गोष्ट पर्यटकांना हमखास सांगतात, पण शब्दाचं मूळ ते नाही. हवाई भाषेत ‘ʻआ’ म्हणजे जळणं, पेटणं. त्याची द्विरुक्ती होऊन ‘ʻअʻआ’ झालं: भडकणं, धगधगणं. आपण धगधग, रखरख म्हणतो त्याच धाटणीचा शब्द. आपल्या व्याध ताऱ्याचं एक हवाई नावही हेच आहे. खडबडीत, दगडगोट्यांनी भरलेल्या लाव्ह्याला तिथले लोक हेच म्हणत. क्लॅरेन्स डटन या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात हवाईच्या ज्वालामुखींवर लिहिताना तो शास्त्रात आणला आणि मग तो इंग्रजी कोशांत शिरला.

उच्चाराबद्दल. वर मी जी उलटी खूण टाकली आहे तिला हवाईत ओकिना म्हणतात. तिथे घशात श्वास क्षणभर अडवायचा. लहान मूल नको तिथे हात घालतं तेव्हा आपण ‘ॲ-ॲ’ म्हणून दटावतो ना, मधली ती अडण तीच. हवाई वर्णमालेत पाच स्वर आणि आठ व्यंजनं, आणि ओकिना त्या आठांतलं एक. म्हणजे त्यांच्या हिशेबाने हा शब्द चार अक्षरांचा! इंग्रजीने दोन खुणा गाळल्या आणि स्क्रॅबलला दोन अक्षरं मिळाली. देवनागरीत ‘आ-आ’ लिहा, मध्ये किंचित थांबा. ‘ए-ए’ असा उच्चार मात्र नको.

प्रतिसाद (काळा कातळ):

आबांच्या प्रश्नाचं मी बोलतो, विषय माझा आहे.

होय, इंदूर दख्खनच्या लाव्ह्यावरच बसलं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे थर, आज उरलेला विस्तार साधारण पाच लाख चौरस किलोमीटर. माळव्याची काळी माती याच बेसॉल्टची, म्हणजे लाव्हा गोठून झालेल्या काळ्या दगडाची, झीज होऊन झाली. या थरांना ट्रॅप म्हणतात तो शब्द स्वीडिश आहे, अर्थ जिना, कारण डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात.

पण दगड काळा म्हणून ‘आ-आ’ ठरत नाही. दुसरी जात आहे पाहोएहोए, तेही हवाई नाव. तिचा पृष्ठभाग गुळगुळीत, कधी दोरखंडाच्या वळ्यांसारखा. दोन्हींचं रासायनिक घटकमान सारखं असू शकतं. फरक वाहण्यात. लाव्हा पुढे जाताना थंड होतो, त्यातले वायू निघून जातात, तो घट्ट होतो. तरीही जोराने पुढे रेटला गेला की वरची साय फाटून तुकडे होतात आणि आ-आ तयार होतो. त्यामुळे एकाच प्रवाहात वरच्या बाजूला पाहोएहोए आणि खाली गेल्यावर आ-आ सापडतो. उलटं सहसा होत नाही. दख्खनमध्ये पाहोएहोए भरपूर आहे, म्हणून अख्ख्या माळव्याला एकच नाव देऊ नका.

ओळखायचं असेल तर हातातल्या तुकड्यावरून नाही, कड्याच्या उभ्या कापावरून बघा. वर आणि तळाशी तुकड्यांचा भुगा, मध्ये भरीव दगड असेल तर कल आ-आ जातीकडे. पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक दिसले तर भुलू नका, ते वायूच्या बुडबुड्यांच्या जागी नंतर भरलेले.

माळव्याची सून:

दोघांचे मनापासून आभार! आबांना वाचून दाखवलं. व्याध ऐकून त्यांनी मुलाला तो आकाशात कुठे असतो ते विचारलं. शब्द आता आमच्याकडे कायमचा मंजूर. एकच राहिलं: इंदूरजवळ असा कातळ बघायला आबांना कुठे नेऊ? गुडघे दुखतात, फार चढणार नाहीत.

काळा कातळ:

महूजवळ पातालपाणी. धबधब्यामागचा कडा बेसॉल्टचा आहे, थर लांबूनच दिसतात, खाली उतरायची गरज नाही. भर पावसात मात्र नका जाऊ, तिथे पाणी एकाएकी वाढतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा, जमलं तर एक दुर्बीण बरोबर ठेवा.