१२ माणसं, शनिवारची रात्र, ५,००० रुपये : व्हेज हॉटेलात बसवायचं कसं?

रविवारपेठी
नमस्कार मंडळी. आईबाबांच्या लग्नाचा ४० वा वाढदिवस आहे, घरचेच १२ जण जेवायला जाणार. ९ मोठे (पैकी दोघं सत्तरीच्या पुढची, खाणं बेताचं) आणि ३ मुलं, ५, ८ आणि ११ वर्षांची. पुण्यातलं शुद्ध शाकाहारी, एसी, मध्यम दर्जाचं हॉटेल चालेल. टॅक्स धरून ५,००० च्या आत बसवायचंय, पण टेबलावर कोणाला "बास आता" म्हणायची वेळ यायला नको.
प्रश्न असे : अनलिमिटेड थाळी घ्यावी की मेनूकार्डावरून मागवावं? अ‍ॅपवर २०-२५ टक्के सूट दिसते ती खरंच मिळते का? आणि बिलात शेवटी जे आकडे चिकटतात त्यातले कोणते द्यावेच लागतात?

हिशेबनीस
५,००० त आरामात बसतं, पण ऑर्डर एकाच माणसाने द्यायची. प्रत्येक जोडी आपापली भाजी सांगायला लागली की टेबलावर सात भाज्या येतात आणि तीन अर्ध्या उरतात. मध्यम हॉटेलातली एक भाजी रोटीबरोबर तीन माणसांना पुरते. मुलं भाजी नावालाच खातात, म्हणून ९ मोठ्यांना ४ (डाळ धरून). तुमच्या भागातले साधारण दर धरून मांडणी :

सूप ४, वन बाय टू करून ८ वाट्या : ६०० (१५० प्रमाणे)
स्टार्टर ३ प्लेट : ८७० (२९० प्रमाणे)
मसाला पापड ४ : २४०
पनीरच्या भाज्या २ : ६२०
एक मिक्स व्हेज किंवा कोल्हापुरी : २६०
डाळ तडका १ : २१०
तंदूर रोटी २४ : ७२०
व्हेज बिर्याणी २ : ५४०, जीरा राईस १ : १९०
ताक ६ : ३००
बेरीज ४,५५०. त्यावर ५ टक्के जीएसटी २२७.५०, एकूण ४,७७७.५०.

रोट्यांचा हिशेब : सात जणांना अडीच प्रमाणे साडेसतरा, आजी-आजोबांना दीड-दीड, मुलांना एक-एक. साडेतेवीस होतात, २४ धरा. पण एकदम २४ सांगू नका. आधी १०, मग सहा-सहा. तंदूर रोटी पाच मिनिटांत चिवट होते, गार झालेली कोणी खात नाही आणि पुन्हा गरम मागवली जाते. बिल फुगतं ते इथे. बटर रोटीला नगामागे १० रुपये जास्त धरले तरी २४ रोट्यांचे २४० होतात. ज्याला बटर हवंच त्याच्यापुरती वेगळी सांगा.

भाज्या निवडताना ग्रेव्ही बघा, नाव नको. बहुतेक किचनमध्ये सकाळीच लाल, पांढरी आणि कांदा-टोमॅटोची पिवळी किंवा ब्राऊन अशा ग्रेव्ह्या करून ठेवतात आणि ऑर्डर आली की त्यातच भाजी उतरते. पनीर बटर मसाला, पनीर टिक्का मसाला आणि व्हेज मखनवाला असं मागवलंत तर एकच लाल ग्रेव्ही तीन भांड्यांत येते, पैसे तीन भाज्यांचे. एक लाल, एक पांढरी (मलई कोफ्ता वगैरे), एक सुकी किंवा तिखट आणि डाळ. आधी डाळ धरून तीन सांगा, चौथी टेबलाकडे बघून.

क्रमही महत्त्वाचा. बसल्याबसल्या भूक कडकडून असते, तेव्हाच स्टार्टर जास्त जातात. सूप आणि तिन्ही स्टार्टर एकदम सांगा, ते संपत आले की मेन कोर्स. भात सगळ्यात शेवटी आणि तोही रोट्या मोजून. पाणी "रेग्युलर" असं आधीच स्पष्ट सांगा. नाहीतर सहा बाटल्या उघडून ठेवतात, ४० प्रमाणे २४० गेले.

सातारकर_पाटील
थाळीचा हिशेब पण मांडायला हवा होता. शनिवार-रविवारचा दर ४२५ धरला तर ९ मोठ्यांचे ३,८२५, ११ वर्षांच्या मुलाचं बहुतेक ठिकाणी पूर्ण तिकीट म्हणजे ४२५, आणि दोन लहानांचं हाफ २२५ प्रमाणे ४५०. बेरीज ४,७००, जीएसटीसह ४,९३५. म्हणजे दोन्ही रस्ते जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात, फरक खाणाऱ्यांचा. आमच्याकडची दणकून जेवणारी पोरं असतील तर थाळी स्वस्त, कारण फरसाण, दोन गोड, ताक, सगळं त्यातच. पण अर्धी पोळी खाणाऱ्या आजींचेही ४२५ च मोजता, आणि थाळीत "दोघांत एक" चालत नाही, उरलेलं पार्सलही मिळत नाही.

थाळीला जायचं तर फोनवर तीन गोष्टी विचारा. हाफ तिकीट कितव्या वर्षापर्यंत? (काही ठिकाणी वय नाही, उंची बघतात.) शनिवारी रात्रीचा दर काय, कारण बोर्डावर मोठ्या अक्षरात सोमवार ते शुक्रवार दुपारचा असतो. आणि गोड अनलिमिटेड की एकच वाटी? आमरसाच्या दिवसांत हा प्रश्न विचारल्याशिवाय जाऊच नये.

आणि तारीख हलवता येत असेल तर तेच हॉटेल, तेच जेवण, शुक्रवारी दुपारी घ्या. इतकी सूट कुठलं कुपन देत नाही.

रविवारपेठी
तारीख हलणार नाही, बहीण शनिवारीच पोचतेय. आजी-आजोबांचं खाणं बघता मेनूकार्डावरूनच मागवतो. आता बिलाचं सांगा कोणीतरी.

बिलवाचक
बिल वरून खाली वाचायचं.

सगळ्यात आधी नग. ऑर्डर केओटीवर (किचनकडे जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) उतरते. रद्द केलेली डिश किंवा बदललेली रोटी केओटीतून काढायची राहून गेली की बिलात येते. बारा जणांच्या टेबलावर रोट्या आणि ताक, हे दोनच आकडे सहसा चुकतात. पैसे द्यायच्या आधी तेवढे दोन मोजा.

मग जीएसटी. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के (अडीच केंद्राचा सीजीएसटी, अडीच राज्याचा एसजीएसटी), एसी असो वा नसो. खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर असलेल्या मोठ्या हॉटेलच्या आवारातलं रेस्टॉरंट असेल तर १८ टक्के. म्हणजे ४,५५० च्या जेवणावर २२७ ऐवजी ८१९. बजेट काटेकोर असेल तर अशा ठिकाणी बुफेची जाहिरात बघून जाऊ नका, खाली बारीक अक्षरात "कर वेगळे" असतं.

बरीच छोटी हॉटेलं जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात (छोट्या व्यावसायिकांसाठीची सोपी योजना, वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत). त्यांनी कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नसतो. बिलावर "कंपोझिशन" असं लिहिलेलं असतं आणि तसा फलकही लावावा लागतो. तरी ५ टक्के लावले असतील तर बिलावरचा १५ अक्षरांचा जीएसटी नंबर (महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो) जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर करदाता शोधा मध्ये टाका, योजना तिथेच दिसते. बिलावर नंबरच नाही आणि कर मात्र आहे, तर तो देऊ नका. गंमत म्हणजे याच हॉटेलातलं जेवण अ‍ॅपवरून घरी मागवलंत तर ५ टक्के द्यावेच लागतात, कारण १ जानेवारी २०२२ पासून तो कर भरण्याची जबाबदारी अ‍ॅपवर आहे. फोन करून स्वतः पार्सल आणलं तर नाही.

सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सूचना काढल्या : तो बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने सूचना कायम ठेवल्या. तुमच्याच आकड्यांवर बघा : ४,५५० वर १० टक्के म्हणजे ४५५, आणि त्यावरही जीएसटी लावला तर एकूण ५,२५५.२५. बजेट इथेच फुटतं. मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावर तळाशी बघा, लिहिलेलं असेल तर ऑर्डरच्या आधीच कॅप्टनला (ऑर्डर घेणारा मुख्य वेटर) सांगा की लावू नका. लावलाच तर तो काढून नवीन बिल छापून मागा, पेनाने खोडलेलं घेऊ नका. ऐकलं नाही तर बिलाचा फोटो काढून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. वेटरला द्यायचं ते हातात द्या.

बाटलीवरून मात्र भांडू नका. बसून खायच्या जागी छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं, सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ ला तसं स्पष्ट केलंय. म्हणूनच वर हिशेबनीस म्हणतात तसं, बाटली उघडूच द्यायची नाही.

मुक्काम_पोस्ट
एसीला कर तोच असला तरी दर तोच नसतो. एसी सेक्शनचं मेनूकार्ड बऱ्याच ठिकाणी वेगळं असतं, डिशमागे २०-३० रुपये जास्त. फोनवर दर विचारताना "एसी फॅमिली सेक्शनचे" असं म्हणा.

कुपनबहाद्दर
अ‍ॅपची सूट मिळते, पण पुढच्या चारपैकी एक गोष्ट चुकली की जाते.

टेबल अ‍ॅपवरूनच आणि ठरावीक वेळेच्या स्लॉटमध्ये बुक झालेलं असायला हवं. शनिवारी साडेसात ते साडेनऊला मोठी सूट सहसा नसतेच, सातच्या आतल्या किंवा दहानंतरच्या स्लॉटला असते. मुलं आणि आजी-आजोबा आहेत म्हटल्यावर पावणेसात तुम्हाला तसंही बरं.

बिल अ‍ॅपमधूनच भरायला हवं. काउंटरवर कार्ड घासलं किंवा यूपीआय केलं की मागाहून काही मिळत नाही.

"२५ टक्क्यांपर्यंत" मधला "पर्यंत" वाचा. कमाल मर्यादा ३०० असेल तर ४,७७७ च्या बिलावर तुम्हाला जेमतेम सव्वासहा टक्के मिळाले. बुकिंगला कव्हर चार्ज (टेबल राखायचे आगाऊ पैसे) घेतला तर तो बिलातून वजा होतो की बुडतो, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

थाळी, बुफे, कॉम्बो यांवर बहुधा लागू नसते. आत शिरल्यावर, बसायच्या आधी, कॅप्टनला फोनवरची ऑफर दाखवून विचारा : आज चालू आहे ना, कशाकशावर?

शिवाय अ‍ॅप न उघडताही एक रस्ता आहे. १२ माणसं म्हणजे हॉटेलला मोठं टेबल. दोन दिवस आधी, दुपारी चारच्या सुमारास (गर्दी नसते, मालक किंवा मॅनेजर काउंटरवर भेटतो) प्रत्यक्ष जाऊन १० टक्के मागा. हॉटेलने स्वतः बिलातच सूट दाखवली की जीएसटी उरलेल्या रकमेवर लागतो : ४,५५० उणे ४५५ म्हणजे ४,०९५, कर धरून ४,२९९.७५. अ‍ॅपमध्ये भरताना कर आधीच पूर्ण बिलावर लागलेला असतो. त्यामुळे हॉटेलचे १० टक्के हे अ‍ॅपच्या ३०० रुपयांपेक्षा केव्हाही भारी. दोन्ही एकत्र मात्र कोणी देत नाही.

रविवारपेठी
हे फारच उपयोगी. उद्याच चार वाजता जाऊन येतो. जाता जाता अजून एक : दुसऱ्या दिवशी बहीण-मेव्हण्यांबरोबर चौघं मालवणी खायला जाणार. तिथे पण बिल हाताबाहेर जातं. काय बघायचं?

देवगडचा_बापू
मेनूत ज्या माशापुढे आकडा नाही, नुसतं "एपीएस" (अ‍ॅज पर साइज) किंवा "साइजप्रमाणे" लिहिलंय, तो मासा न विचारता सांगायचा नाही. पापलेट, खेकडा, मोठी कोळंबी, हे तिघं बिल चढवतात. वेटरला मासा ताटात घालून दाखवायला सांगा, भाव नगाचा की वजनाचा ते विचारा, आणि मगच तळायला पाठवा. तळून आल्यावर घासाघीस होत नाही.

चौघांना दोन सुरमई थाळ्या, एक बांगडा थाळी आणि एक तिसऱ्यांची (शिंपल्यांची) किंवा कोळंबीची. थाळीत तुकडी एकच असते. दुसरी हवी तर सुट्या तुकडीचा भाव आधी विचारा, कधी कधी दोन तुकड्यांपेक्षा आख्खी थाळी परवडते. बांगडा स्वस्त म्हणून हलका समजू नका, ताजा असेल तर सुरमईला ऐकत नाही. कालवण आणि भात पुन्हा वाढतात का, ते हॉटेलागणिक बदलतं. सोलकढीची वाटी थाळीत धरलेली असते, ग्लास मागितला की वेगळे पैसे लागतात. मटण थाळीत रस्सा वाढतील, पीस नाही.

जून-जुलैत जात असाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. पापलेट-सुरमई तेव्हा बहुतेक बर्फातली आणि भाव चढलेला. त्या दिवसांत सुक्या जवळ्याची किंवा सुकटीची थाळी नाहीतर कोंबडी-वडे घ्या.

हिशेबनीस
एक राहिलं. केक बाहेरून नेणार असाल तर उद्या चार वाजता तेही विचारून घ्या. काही ठिकाणी चालत नाही, काही ठिकाणी प्लेट-चमच्यांचे पैसे लावतात. आणि दोन-तीन स्टीलचे डबे गाडीत टाका. उरलेली बिर्याणी बांधून देतात पण कंटेनरचे पैसे नगावर धरतात, आणि बारा जणांत बिर्याणी उरतेच.