साम्बा फाइल सर्व्हर दर महिन्याला डोमेनमधून तुटतो, पुन्हा जॉइन केला की चालतो – कारण काय?

तिसराडिस्क

नमस्कार मंडळी,

अल्मालिनक्स 9 वर साम्बा (लिनक्सवरून विंडोज पीसींना फाइल शेअर देणारं सॉफ्टवेअर) फाइल सर्व्हर आहे, नाव एफएस1. विंडोज सर्व्हर 2019 चे दोन डोमेन कंट्रोलर (युजर आणि पासवर्ड सांभाळणारे सर्व्हर) आहेत, एक इथे आणि दुसरा शाखेत. डोमेन ऑफिस.लॅन, वापरणारे साधारण 60 जण.

साधारण महिन्यातून एकदा हा प्रकार होतो. सकाळी आधी स्कॅनर बोंबलतो: स्कॅन केलेली फाइल शेअरवर टाकताना लॉगिन फेल. मग ज्यांनी ड्राइव्ह आयपी पत्त्याने मॅप केलाय त्यांना पासवर्डची चौकट येते आणि बरोबर पासवर्डही ती घेत नाही. सर्व्हरच्या नावाने येणारे पीसी मात्र आणखी काही काळ चालतात. डोमेनच्या युजरने सर्व्हरवर एसएसएच केलं तर लॉगिन होतं, म्हणजे डोमेनशी संपर्क आहेच.

'डब्ल्यूबीइन्फो -टी' (सर्व्हर आणि डोमेनमधलं नातं तपासणारी कमांड) फेल. 'नेट एडीएस टेस्टजॉइन' म्हणतं 'जॉइन टू डोमेन इज नॉट व्हॅलिड'. घड्याळ तपासलं, क्रोनी डोमेन कंट्रोलरवरूनच वेळ घेतो, फरक एक सेकंदही नाही. डीएनएसही दोन्ही कंट्रोलरकडेच लावलेला आहे.

सध्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून (डोमेनची युजर-कॉम्प्युटरची नोंदवही) एफएस1 चं कॉम्प्युटर अकाउंट डिलीट करतो आणि पुन्हा जॉइन करतो. महिनाभर चालतं. कायमचा उपाय हवा आहे.

रूटपंढरी

उत्तम लिहिलंय, निम्मं निदान तुमच्या लक्षणांतच आहे. आयपीने येणारा क्लायंट सहसा केर्बेरॉस (तिकिटावर चालणारी लॉगिन पद्धत) वापरू शकत नाही, कारण आयपी पत्त्याच्या नावाचा एसपीएन (सेवेचं नोंदवलेलं नाव) डिरेक्टरीत नसतो. तो एनटीएलएमवर (जुनी, पासवर्डवर चालणारी पद्धत) उतरतो. एनटीएलएमचा पासवर्ड सर्व्हर स्वतः तपासत नाही. विनबाइंड (साम्बाचा डोमेनशी बोलणारा भाग) ती तपासणी कंट्रोलरकडे पाठवतो, आणि त्यासाठी सर्व्हरचा स्वतःचा मशीन पासवर्ड बरोबर असावा लागतो. नावाने येणारा पीसी तिकीट घेऊन येतो आणि ते कीटॅबमधल्या (सर्व्हरच्या केर्बेरॉस किल्ल्यांची फाइल) किल्लीने उघडतं. म्हणजे तुमच्या कीटॅबमधला मशीन पासवर्ड बरोबर आहे आणि साम्बाच्या सीक्रेट्स.टीडीबी फाइलमधला शिळा आहे, असा माझा कयास.

पुढच्या वेळी तुटेल तेव्हा रीजॉइन करण्याआधी एवढं टिपून ठेवा:

1. 'नेट एडीएस इन्फो' – शेवटची ओळ, मशीन अकाउंटचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला. ही तारीख साम्बाच्या समजुतीप्रमाणे असते.
2. कंट्रोलरवर पॉवरशेलमध्ये 'गेट-एडीकॉम्प्युटर एफएस1 -प्रॉपर्टीज पासवर्डलास्टसेट'. ही खरी तारीख.
3. 'केलिस्ट -केटीई' – कीटॅबमधले केव्हीएनओ (किल्लीचा आवृत्ती क्रमांक) आकडे आणि त्यांच्या तारखा.
4. 'टेस्टपार्म -एस' (साम्बाची सेटिंग्ज दाखवणारी कमांड) चा ग्लोबल भाग.
5. जॉइन नेमकं कोणत्या कमांडने केलं होतं.

आणि एक विनंती, अकाउंट डिलीट करू नका. डिलीट केलं की ऑब्जेक्टचा एसआयडी (डोमेनमधला ओळख क्रमांक) जातो, त्याच्यावर हाताने लावलेले एसपीएन जातात, तो ज्या ग्रुपमध्ये होता ते सदस्यत्व जातं. शिवाय शाखेतल्या कंट्रोलरवर जुनं ऑब्जेक्ट अजून जिवंत असतं. दोन साइट्समधलं रेप्लिकेशन (कंट्रोलरमधली नोंदींची देवाणघेवाण) मुळात 180 मिनिटांवर लावलेलं असतं. तेवढ्यात सर्व्हरने त्या कंट्रोलरला गाठलं तर नवीनच चूक दिसते आणि माणूस भलत्याच मागे लागतो. नुसतं 'नेट एडीएस जॉइन' पुन्हा चालवलं तरी त्याच अकाउंटचा पासवर्ड नव्याने लागतो.

तिसराडिस्क

योगायोगाने आजच तुटलं. आकडे असे:

साम्बाच्या मते शेवटचा बदल 12 ऑगस्ट. डिरेक्टरीत पासवर्डलास्टसेट 11 सप्टेंबर. कीटॅबमध्ये केव्हीएनओ 8 आणि 9, त्यातल्या 9 ची तारीख 11 सप्टेंबर.

जॉइन: आधी 'रिअल्म जॉइन ऑफिस.लॅन' केलं होतं, त्याने एसएसएसडी (डोमेनच्या युजरना लिनक्सवर लॉगिन देणारी सर्व्हिस) बसवलं. शेअर चालेनात म्हणून त्यावर 'नेट एडीएस जॉइन'. एसएमबी.कॉन्फचा (साम्बाची सेटिंग फाइल) ग्लोबल भाग:

सिक्युरिटी = एडीएस
रिअल्म = ऑफिस.लॅन
वर्कग्रुप = ऑफिस
केर्बेरॉस मेथड = सीक्रेट्स अँड कीटॅब
मशीन पासवर्ड टाइमआउट = 0
आयडीमॅप कॉन्फिग * : बॅकएंड = टीडीबी
आयडीमॅप कॉन्फिग * : रेंज = 3000-7999
आयडीमॅप कॉन्फिग ऑफिस : बॅकएंड = एसएसएस
आयडीमॅप कॉन्फिग ऑफिस : रेंज = 200000-2147483647

टाइमआउट शून्य ही ओळ एका मार्गदर्शिकेतून घेतली होती.

रूटपंढरी

सापडलं. 12 ऑगस्ट ते 11 सप्टेंबर, बरोबर 30 दिवस. हा एसएसएसडीचा आकडा आहे.

एकाच मशीन अकाउंटला तुमच्याकडे दोन मालक आहेत. एसएसएसडी दिवसातून एकदा पाहतो की अकाउंटचा पासवर्ड 30 दिवसांपेक्षा जुना झालाय का (सर्व्हिस सुरू झाल्यावर पहिली तपासणी 750 सेकंदांनी). झाला असेल तर एडीसीएलआय (डिरेक्टरीत बदल करणारी कमांड) चालवून डिरेक्टरीत नवा पासवर्ड लावतो आणि कीटॅबमध्ये लिहितो. साम्बाच्या सीक्रेट्स.टीडीबीला तो आपणहून हात लावत नाही. एसएसएसडी कीटॅबवर चालतो म्हणून तुमचं एसएसएच ठणठणीत. विनबाइंड सीक्रेट्सवर चालतो म्हणून तो बाहेर फेकला जातो.

टाइमआउट शून्य नसता तर विनबाइंडने मूळ सेटिंगप्रमाणे दर 604800 सेकंदांनी, म्हणजे 7 दिवसांनी, पासवर्ड बदलला असता. तुमच्या केर्बेरॉस मेथडमुळे तो कीटॅबमध्येही उतरला असता, आणि एसएसएसडीची 30 दिवसांची वेळ कधी आलीच नसती. पण त्याच्या भरवशावर राहू नका. मेथड 'सीक्रेट्स ओन्ली' असेल, आणि मूळ सेटिंग तेच आहे, तर उलटं होतं: आठवड्याने साम्बा चालू आणि एसएसएसडी बंद.

आज तात्पुरतं सुरू करायला 'नेट एडीएस चेंजट्रस्टपीडब्ल्यू' चालवू नका, त्याला आधी जुना पासवर्ड बरोबर लागतो आणि तोच चुकलाय. सरळ 'नेट एडीएस जॉइन -यू' आणि ॲडमिनचं नाव, मग विनबाइंड आणि एसएमबी रीस्टार्ट.

केबलटेस्टर

एसएसएसडीमध्ये 'एडी_मॅक्सिमम_मशीन_अकाउंट_पासवर्ड_एज = 0' लावा, बदलच होणार नाही. एका ओळीचं काम.

रूटपंढरी

@केबलटेस्टर, तुटणं थांबेल हे खरं. पण मग या सर्व्हरचा पासवर्ड कोणीच कधी बदलणार नाही. बऱ्याच ठिकाणी पासवर्डलास्टसेट 90 दिवसांपेक्षा जुना दिसला की कॉम्प्युटर अकाउंट वापरात नाही असं धरून स्क्रिप्ट ते डिसेबल करते. त्या दिवशी आजच्यासारखं अर्धवट नाही, सगळंच बंद पडेल. आणि लीक झालेली कीटॅब फाइल कायमची वापरण्याजोगी राहील. फाइल सर्व्हरसाठी मी हे सुचवणार नाही.

गिगाबिट_काकू

दोन सरळ मार्ग आहेत.

पहिला, एसएसएसडी ठेवायचा असेल तर: एसएसएसडी.कॉन्फच्या डोमेन विभागात 'एडी_अपडेट_साम्बा_मशीन_अकाउंट_पासवर्ड = ट्रू'. मग एडीसीएलआय नवा पासवर्ड साम्बाच्या सीक्रेट्समध्येही लिहितो. त्यासाठी साम्बा-कॉमन-टूल्स पॅकेज लागतं. इथे मात्र मशीन पासवर्ड टाइमआउट = 0 तसंच ठेवा, म्हणजे बदलणारा एकच राहील. विनबाइंड बंद करू नका. साम्बा 4.8 पासून, म्हणजे 2018 पासून, डोमेन सदस्य सर्व्हरवर विनबाइंड चालू नसेल तर एसएमबीडी काम करत नाही.

दुसरा, आणि माझ्या मते फाइल सर्व्हरला हाच बरा: एसएसएसडी काढून सगळं विनबाइंडकडे द्या. यात लोक जिथे अडकतात ती जागा म्हणजे फाइलींची मालकी. एसएसएसडी आणि विनबाइंड यूआयडी (लिनक्सवरचा युजर क्रमांक) वेगवेगळ्या पद्धतीने काढतात. नुसतं आयडीमॅपचं बॅकएंड (हे आकडे काढण्याची पद्धत) बदललं तर दुसऱ्या दिवशी 'एलएस -एल' मध्ये नावांच्या जागी आकडे दिसतात आणि सगळ्यांना ॲक्सेस डिनाइड.

पण हे टाळता येतं. एसएसएसडी डोमेनला 200000 आकड्यांचा एक पट्टा देतो, आणि यूआयडी म्हणजे त्या पट्ट्याची सुरुवात अधिक युजरचा आरआयडी. विनबाइंडचं 'आरआयडी' बॅकएंडही तेच करतं: रेंजचा खालचा आकडा अधिक आरआयडी. म्हणून खालचा आकडा तोच द्यायचा. 'आयडी' कमांडने एका युजरचा यूआयडी पाहा, 'डब्ल्यूबीइन्फो -एन' ने त्याचा एसआयडी पाहा, त्यातला शेवटचा आकडा म्हणजे आरआयडी. समजा यूआयडी 1214401107 आणि आरआयडी 1107. वजा केले की 1214400000. मग:

आयडीमॅप कॉन्फिग ऑफिस : बॅकएंड = आरआयडी
आयडीमॅप कॉन्फिग ऑफिस : रेंज = 1214400000-1214599999

डोमेन युजर्स ग्रुपचा आरआयडी नेहमी 513 असतो, त्याचा जीआयडी (लिनक्सवरचा ग्रुप क्रमांक) 1214400513 येतो का, हा सोपा ताळा. एसएसएसडीत 'एलडीएपी_आयडी_मॅपिंग = फॉल्स' असेल तर हे गणित लागू नाही. तेव्हा आकडे डिरेक्टरीतल्या यूआयडीनंबरमधून येतात आणि विनबाइंडला 'एडी' बॅकएंड लावावं लागतं. ते लावत असाल तर साम्बा अद्ययावत ठेवा. विंडोजच्या जुलै 2025 च्या सुरक्षा अपडेटनंतर याच बॅकएंडचे सदस्य सर्व्हर अडले होते, दुरुस्ती 4.22.3 आणि 4.21.7 मध्ये आली.

तिसराडिस्क

@गिगाबिट_काकू, आरआयडीचा ताळा तीन युजर आणि 513 वर केला, चारही जुळले. आयडी मॅपिंग चालूच आहे. रविवारी दुसरा मार्ग करतो. क्रम सांगाल का?

गिगाबिट_काकू

आधी एसएमबी.कॉन्फ, एसएसएसडी.कॉन्फ, कीटॅब आणि साम्बाचं प्रायव्हेट फोल्डर यांची प्रत घ्या. शेअरवर 'गेटएफएसीएल -आर' (फाइलींच्या परवानग्यांची यादी) चालवून निकाल फाइलमध्ये ठेवा.

मग एसएमबी आणि विनबाइंड थांबवा. 'रिअल्म लीव्ह' करा. रिमूव्हचा पर्याय देऊ नका, म्हणजे डिरेक्टरीतलं अकाउंट शाबूत राहतं. एसएसएसडी थांबवून डिसेबल करा. जुनी कीटॅब बाजूला हलवा. एसएमबी.कॉन्फमध्ये आरआयडीच्या दोन ओळी टाका आणि टाइमआउट शून्यची ओळ काढा, ती आता राहिली तर पासवर्ड कोणीच बदलणार नाही. 'टेस्टपार्म' ने रेंज एकमेकांवर चढत नाहीत ना ते पाहा. 'ऑथसिलेक्ट सिलेक्ट विनबाइंड विथ-एमकेहोमडीर --फोर्स', आणि ऑडजॉबडी सर्व्हिस (होम फोल्डर बनवणारी) चालू ठेवा. 'नेट कॅश फ्लश', कारण जुनी मॅपिंग कॅशमध्ये बसून राहते. मग 'नेट एडीएस जॉइन', आणि विनबाइंड आधी, एसएमबी नंतर सुरू करा.

तपासणी: टेस्टजॉइन ओके, 'डब्ल्यूबीइन्फो -टी' सक्सीडेड, 'गेटेंट पासडब्ल्यूडी' युजरचं नाव देऊन. नाव न देता चालवलं तर डोमेनचे युजर दिसणार नाहीत. तो बिघाड नाही, यादी देणं मुळातच बंद असतं.

एसएसएसडी गेल्याने बदलणाऱ्या गोष्टी:

शेल. विनबाइंडचं मूळ 'टेम्प्लेट शेल' बिन/फॉल्स आहे. बॅश लावला नाही तर एसएसएच लॉगिन होऊन लगेच तुटतं.

होम फोल्डर. रिअल्मने बसवलेला एसएसएसडी सहसा 'युजर@डोमेन' नावाने फोल्डर करतो. 'टेम्प्लेट होमडीर' त्याला जुळवा.

नावं. 'युजर@ऑफिस.लॅन' चं 'ऑफिस\युजर' होतं. सुडोअर्स, क्रॉन आणि शेअरच्या 'व्हॅलिड युजर्स' ओळी तपासा. ग्रुपच्या नावात मोकळी जागा असेल तर अवतरणात: @"ऑफिस\अकाउंट्स टीम".

आणि सगळ्यात महत्त्वाचं: 'रिअल्म परमिट' ने एसएसएच ठरावीक ग्रुपपुरतं ठेवलं असेल तर ते बंधन एसएसएसडीबरोबर जातं. डोमेनमधला कोणीही लॉगिन करू शकेल. पॅम_विनबाइंड.कॉन्फमध्ये 'रिक्वायर_मेंबरशिप_ऑफ' मध्ये ग्रुपचा एसआयडी द्या, किंवा एसएसएचडीत अलाउग्रुप्स. हे जॉइनच्या आधी करून ठेवा.

रूटपंढरी

सोमवारसाठी एक भर. रीजॉइननंतर केव्हीएनओ वाढतो. ज्या पीसींकडे जुनं तिकीट आहे ते नावाने येऊनही अडतील, कारण तिकीट 10 तास टिकतं आणि नव्या कीटॅबमध्ये जुनी किल्ली नसते. त्या पीसीवर 'केलिस्ट पर्ज' किंवा साइन आउट करून परत साइन इन. सर्व्हरवर काही बदलू नका.

सर्व्हरला डीएनएसमध्ये दुसरं नाव दिलेलं असेल तर 'नेट एडीएस सेटएसपीएन लिस्ट' मध्ये त्या नावाचा सिफ्स किंवा होस्ट एसपीएन आहे का पाहा. नसेल तर त्या नावाने येणारे सगळे गुपचूप एनटीएलएमवर जातात. तोच एसपीएन चुकून दोन अकाउंटवर असेल तर तिकीट दुसऱ्याच्या किल्लीने बनतं आणि उघडत नाही. विंडोजवर 'सेटएसपीएन -एक्स' दुहेरी नोंदी दाखवतं.

सर्व्हर व्हर्च्युअल मशीन असेल तर जुना स्नॅपशॉट परत आणल्यावरही जॉइन असाच तुटतो: डिस्कवर जुना पासवर्ड, डिरेक्टरीत नवा. आता बदल दर 7 दिवसांनी होणार, त्यामुळे आठवड्याहून जुना स्नॅपशॉट आणलात तर रीजॉइन धरूनच चाला.

तिसराडिस्क

रविवारी केलं. टेस्टजॉइन ओके, 'डब्ल्यूबीइन्फो -टी' ओके, मालकीचे आकडे जसेच्या तसे. बॅशची ओळ सांगितली नसती तर एसएसएचवर नक्की अडकलो असतो. आज चार पीसींवर पर्ज करावं लागलं, स्कॅनर पहिल्या फटक्यात चालला. आयपीवाले ड्राइव्ह ग्रुप पॉलिसीने नावावर आणतोय. आठ दिवसांनी 'नेट एडीएस इन्फो' आणि पासवर्डलास्टसेट या दोन्ही तारखा इथे टाकतो.

तिसराडिस्क

आठ दिवस झाले. पासवर्ड काल रात्री बदलला, दोन्हीकडे तीच तारीख आणि तोच मिनिट. कीटॅबमध्ये नवा केव्हीएनओ आलाय, कोणाचीच तक्रार नाही. दोघांचे मनापासून आभार.