अकरावीत एपी किती? लेकीच्या फॉर्मवर पाच आहेत, माझं मत तीनच

दवबिंदू (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

लेक दहावीत आहे. पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म शुक्रवारी काउन्सेलरकडे द्यायचाय. तिने अकरावीसाठी पाच एपी (हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय) लिहिलेत: कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स १, केमिस्ट्री, इंग्लिश लँग्वेज आणि यूएस हिस्ट्री. मैत्रिणींचंही साधारण असंच आहे. मी म्हणते तीन पुरेत. हे नुसत्या काळजीपोटी नाही, हिशोब करून म्हणतेय.

यूसीच्या, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) नववीचे मार्क धरत नाहीत. नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचेच धरतात. एपीत ए मिळाला की चाराऐवजी पाच गुण. पण हा जादा गुण जास्तीत जास्त ८ सत्रांना, आणि त्यातली दहावीची ४ च चालतात. तिचं यंदा एपी वर्ल्ड हिस्ट्री चालू आहे, म्हणजे २ सत्रं झाली. पुढच्या वर्षी तीन एपी घेतले की ६. आठ भरली! चौथ्या-पाचव्या विषयाने हा आकडा वर जात नाही. तिथे बी आला तर मात्र खाली येतो.

मी लातूरची. बोर्डाच्या वर्षी आमच्या टीव्हीवर चादर टाकलेली होती आणि मी पहाटे चारला उठायचे. ते निभावलं, कारण परीक्षा एकच होती आणि तिची तारीख ठाऊक होती. इथे ऑगस्टमधल्या पहिल्या क्विझपासून प्रत्येक गोष्ट ट्रान्सक्रिप्टच्या (शाळेच्या अधिकृत गुणपत्रकाच्या) ग्रेडमध्ये मोजली जाते, आणि मे महिन्यातली एपीची परीक्षा वेगळीच. शेवटचे दोन महिने मान मोडून अभ्यास केला आणि सुटलो, असं इथे होत नाही. वसंतात कॉलेज प्रवेशाची एसएटी परीक्षा, त्याआधी ऑक्टोबरात तिची सराव परीक्षा पीएसएटी, शिवाय तिचं कथक. मुलांना झोप मिळावी म्हणून कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायचं नाही असा कायदा आहे. सकाळी मिळालेली झोप आपण रात्री एक वाजेपर्यंतच्या गृहपाठात घालवायची का?

फ्रिस्कोकर (टेक्सास)

ताई, तुमचा हिशोब कॅलिफोर्नियापुरता बरोबर आहे. आमच्याकडे तो उलटा होतो. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत वर्गातल्या वरच्या १० टक्क्यांना थेट प्रवेश मिळतो. यूटी ऑस्टिनला (ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात) तीच मर्यादा २०२६ च्या प्रवेशापासून ५ टक्के झाली. आमच्या शाळेत रँक वेटेड जीपीएवर, म्हणजे एपीला जादा गुण धरून काढलेल्या सरासरीवर, लागतो. बारावीच्या सुरुवातीला अर्ज भरताना हातात असतो तो अकरावीअखेरचा रँक. शेजारचा मुलगा सहा एपी घेत असताना माझ्या मुलाला "तू तीनच घे, झोप" असं मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? त्याने पाच घेतले.

यूसीबद्दलही एक सांगतो. आठ सत्रांची मर्यादा घातलेला जीपीए हा तिथला एक आकडा झाला. शाळेत काय उपलब्ध होतं आणि मुलाने त्यातलं किती पेललं, हेही अर्ज वाचणारा पाहतो. तुमच्या शाळेत वीस एपी असतील तर तीन कमीच दिसतील.

रांगेत_अजून (नॉर्थ कॅरोलायना)

आमची बाजूही ऐका. ग्रीन कार्डच्या रांगेत बारा वर्षं झाली, मुलगी एच-४ वर (आमच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आहे. तिला केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळणार नाही, आणि २१ पूर्ण झाली की आमच्या व्हिसावर राहताही येणार नाही. एका एपी परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आसपास आहे. तेवढ्यात कॉलेजच्या एका कोर्सचं क्रेडिट मिळालं तर ते आमच्यासाठी हजारो डॉलर आहेत. तुम्ही ज्याला ताण म्हणता, त्यात आम्हाला कॉलेजचं एक सत्र वाचताना दिसतं. ज्याला घाई नाही त्याने तीन घ्यावेत.

खडूफळा (न्यू जर्सी)

मी हायस्कूलमध्ये यूएस हिस्ट्री शिकवते. क्रेडिटचं म्हणाल तर कॉलेज बघून हिशोब करा. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत एपी परीक्षेतल्या पाचपैकी साधारण ३ गुणांवर क्रेडिट मिळतं. ब्राउन किंवा कॅलटेकमध्ये एपीचं क्रेडिटच देत नाहीत.

दवबिंदूताई, तुमच्या यादीतली मला खरी जड वाटणारी जोडी म्हणजे लँग्वेज आणि यूएस हिस्ट्री. हिस्ट्रीच्या डीबीक्यूमध्ये, म्हणजे कागदपत्रांवर आधारित प्रश्नात, सात कागदपत्रं वाचून तासाभरात मुद्देसूद निबंध लिहायचा असतो. लँग्वेजला सव्वादोन तासांत तीन निबंध. भरभर वाचणाऱ्या मुलीला ही जोडी उपकारक ठरते, कारण दोन्हीकडे पुराव्यावरून युक्तिवाद उभा करायचा असतो. हळू वाचणारीची त्या दोन विषयांतच संध्याकाळ संपते. तेव्हा फॉर्म भरण्याआधी तिला पाठ्यपुस्तकाचं एक प्रकरण द्या आणि घड्याळ लावा. वीस पानं वाचून स्वतःच्या शब्दांत टिपणं काढायला दीड तास लागला, तर पाच एपींचा विषय तिथेच संपवा.

केमिस्ट्रीचंही विचारा. तिने साधी केमिस्ट्री केली आहे का? ती न करता थेट एपीत बसलेली मुलं ऑक्टोबरमध्ये विषय सोडायला येतात. तोवर मुदत टळून गेली असेल तर ट्रान्सक्रिप्टवर खूण राहते.

पारिजात (कॉलेजचं पहिलं वर्ष, इलिनॉय)

काकू, दोन वर्षांपूर्वी मी हेच पाच घेतले होते, फक्त फिजिक्सऐवजी बायॉलॉजी. नोव्हेंबरपर्यंत मजेत गेलं. जानेवारीत केमिस्ट्रीत बी आला आणि मी घरी तीन आठवडे सांगितलंच नाही. आई ओरडेल म्हणून नाही. ती काळजीने पुन्हा माझ्यासोबत जागायला लागेल म्हणून.

तरीही मला पश्चात्ताप नाही, कारण ते पाचही विषय मी निवडले होते. माझ्या मैत्रिणीने चारच घेतले, पण घरच्यांनी निवडलेले, आणि ती माझ्यापेक्षा जास्त थकली. इथे सगळे सत्रं, रँक आणि डॉलर मोजताहेत. तुमच्या लेकीला यातलं काय आवडतं, ते अजून कोणी विचारलेलंच नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर क्लास लावू नका. एपी परीक्षा घेणारी संस्था कॉलेज बोर्ड मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न आणि गुण कसे दिले ते फुकट देतं. मार्चपासून दर शनिवारी एक संच घड्याळ लावून सोडवायचा आणि लगेच त्या नियमांनी स्वतःच तपासायचा. मी तेवढंच केलं. एसएटी डिसेंबरात उरकली, म्हणून मे मोकळा राहिला.

फ्रिस्कोकर

पारिजात, आवड महत्त्वाची, मान्य. पण पंधरा वर्षांच्या मुलाला अवघड विषयाची आवड तो विषय घेतल्यावरच लागते. माझ्या मुलाला फिजिक्स नको होतं, मी आग्रह धरला. आज तो मेकॅनिकल करतोय. आईबापांनी थोडं ढकलावं, या मतावर मी ठाम आहे.

दवबिंदू

काल रात्री पारिजातचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, फिजिक्स मैत्रिणींमुळे लिहिलंय, केमिस्ट्री मात्र हवीच आहे. तिला प्राण्यांची डॉक्टर व्हायचंय, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. साधी केमिस्ट्री यंदा चालू आहे, बाई चांगल्या आहेत.

खडूफळाताई, घड्याळ लावलं. बावीस पानं, पन्नास मिनिटं, टिपणं नीट. लँग्वेज आणि हिस्ट्री राहिले.

फॉर्मवर आता चार आहेत. मला अजूनही एक जास्तच वाटतोय, आणि तेही तिला सांगितलंय. रात्री अकरानंतर दिवा बंद, आणि सलग दोन आठवडे ते जमलं नाही तर विषय सोडण्याच्या मुदतीआधी एक विषय उतरवायचा, असं आम्ही दोघींनी कागदावर लिहून फ्रीजवर लावलंय. कोणता उतरवायचा ते ती ठरवणार.

खडूफळा

ती मुदत नेमकी कोणत्या तारखेला संपते ते शुक्रवारी काउन्सेलरला विचारून त्याच कागदावर लिहा. काही शाळांत ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच असते.